रासायनिक पेटंटमध्ये 'आर' किती मोठा असावा?

संथज्वाला

आमच्या गटाने पिरिडीन-३-कार्बॉक्झामाइडची एक मालिका तयार केली आहे. पिकांवरच्या बुरशीवर चांगली चालते. पिरिडीनच्या वलयावर तीन जागा बदलत्या ठेवल्या (सूत्रात त्यांना आर१, आर२, आर३ म्हणतो) आणि अमाइडच्या नायट्रोजनवर एक अराइल, म्हणजे बेंझिनसारख्या वलयाचा, गट (क्यू). बाटलीत खरोखर आहेत ती संयुगं म्हणजे मिथाइल, इथाइल, क्लोरो, फ्लुओरो आणि मेथॉक्सी यांच्या काही जोड्या, बस. आता पेटंटच्या दाव्याचा, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्याचा, मसुदा हातात आलाय तो असा:

"सूत्र १ चे संयुग, ज्यात आर१, आर२ व आर३ हे परस्परांपासून स्वतंत्रपणे हायड्रोजन, हॅलोजन, सी१–सी६ अल्किल, सी१–सी६ अल्कॉक्सी, अराइल, हेटेरोअराइल किंवा कोणताही इलेक्ट्रॉन खेचणारा गट आहेत, क्यू हा अराइल आहे, आणि वरीलपैकी प्रत्येक गट हवा तर प्रतिस्थापित असू शकतो."

गटप्रमुख म्हणतात, जेवढं मागता येईल तेवढं मागून घ्या, कापायचं काम पेटंट कार्यालयातल्या एक्झामिनरचं. पण हेटेरोअराइल (वलयात कार्बनशिवाय नायट्रोजनसारखा अणू असलेला गट) आम्ही कधी जोडलेलाच नाही. तो जोडता येईल का, जोडला तर बुरशी मरेल का, काही कल्पना नाही. कायद्यात याला वरची काही मर्यादा आहे की नाही?

पारा

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही दर मसुद्याला हाच वाद.

कलमदान

आकड्यात सांगता येईल अशी मर्यादा कुठल्याच कायद्यात नाही. हजार संयुगं चालतील आणि हजार एक नाही, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. मर्यादा येते ती तुमच्याच वर्णनातून. भारतीय पेटंट कायद्याचं कलम १०(५) सांगतं की दावे हे वर्णनात उघड केलेल्या गोष्टींवर रास्तपणे आधारलेले हवेत. त्याच्या आधीचं १०(४) सांगतं की शोध आणि तो अमलात आणायची रीत पूर्ण लिहा, आणि तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धत हातची राखू नका. शब्द वेगळे असतील, पण इतर देशांतही सौदा हाच आहे.

'अमुक गटातून निवडलेला' या लिखाणाला मार्कुश दावा म्हणतात. युजीन मार्कुश हे रंगांच्या धंद्यातले. १९२४ साली त्यांना अमेरिकेत पायरॅझोलोन रंगांवर पेटंट मिळालं. त्यांना हवे असलेले पदार्थ होते अॅनिलीन, अॅनिलीनचे होमोलॉग (त्याच कुळातली भावंडं) आणि अॅनिलीनची हॅलोजन-प्रतिस्थापित रूपं. या तिघांना मिळून व्यवहारात एक नाव नव्हतं आणि दाव्यात 'किंवा' लिहिलं की पेटंट कार्यालय हरकत घ्यायचं. म्हणून ही यादीची पद्धत मान्य झाली. सोय म्हणून आली, पुढे तिचं काय झालं ते दिसतंच आहे.

तुमच्या मसुद्यातला एकच तुकडा मोजून बघा. सी१ ते सी६ अल्किल: मिथाइल १, इथाइल १, प्रोपिल २, ब्युटिल ४, पेंटिल ८, हेक्सिल १७. बेरीज ३३, आणि यात आरशातली रूपं वेगळी धरलेली नाहीत. हायड्रोजन धरून ३४. तीन स्वतंत्र जागा म्हणजे ३४ चा घन, ३९,३०४ संयुगं. अजून हॅलोजन, अल्कॉक्सी, क्यू, कशालाच हात लावलेला नाही. आणि शेवटी 'हवा तर प्रतिस्थापित' लिहून कशाने ते सांगितलंच नाही, तिथे मोजणी संपली. सीमाच नाही म्हटल्यावर मोजणार काय?

'इलेक्ट्रॉन खेचणारा गट' तर आधी काढा. तुमचाच मेथॉक्सी घ्या. वलयावर मेटा जागी (एक घर सोडून) तो इलेक्ट्रॉन खेचतो (ही ओढ मोजणारा हॅमेटचा सिग्मा +०.१२), पॅरा जागी (समोरासमोर) देतो (−०.२७). मग मेथॉक्सी या वर्णनात बसतो की नाही? जागेवर अवलंबून. म्हणजे स्पर्धकाला दावा वाचून आपण आत आहोत की बाहेर, हे कळणार नाही. खोलीत न जाता नुसत्या अस्पष्टतेवर हरकत येईल.

मुद्देसूद

हे सगळं ठीक, पण उलट बाजूही मांडतो. फक्त बनवलेल्या संयुगांवर दावा केला तर उद्या कुणीही मिथाइलच्या जागी आयसोप्रोपिल लावून तेच बुरशीनाशक विकेल. शोध होता सांगाड्याचा. शेंडीच्या मिथाइलला कोण विचारतो? वर्षानुवर्षं खपून सांगाडा शोधणाऱ्याच्या हातात काय उरलं? गटप्रमुख अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

कलमदान

मुद्देसूद, सहमत. रुंद दावा मागणं यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की ती रुंदी कशाच्या जोरावर मागताय.

यावर मला आवडणारा निकाल रसायनातला आहेही आणि नाहीही: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८९५ सालचा, विजेच्या दिव्याचा. सॉयर आणि मॅन यांनी कार्बन केलेल्या कागदाची तार वापरून दिवा केला होता. दावा मात्र मागितला 'कार्बन केलेला कोणताही तंतुमय किंवा वस्त्रोपयोगी पदार्थ' यावर. एडिसनने बांबू वापरला, तर यांचं पेटंट हाती असलेल्या कंपनीने खटला भरला. न्यायालयासमोर आलं की एडिसनने सहा हजारांहून जास्त वनस्पती तपासल्या होत्या आणि त्यातल्या मोजक्याच कामाच्या निघाल्या. बांबू चालला तो त्याच्या तंतूंच्या विशिष्ट रचनेमुळे, तंतुमय आहे एवढ्यामुळे नव्हे. दावा पडला.

पण निकालात एक दार उघडं ठेवलंय, लोक तिकडे लक्ष देत नाहीत. सगळ्या तंतुमय पदार्थांत असलेला एखादा समान गुण सॉयर-मॅन यांनी शोधला असता, ज्यामुळे ते सगळेच या कामाला योग्य ठरतात, तर दावा कदाचित फार रुंद ठरला नसता.

संथज्वाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दारात आहे. तुमची संयुगं कुठल्या एन्झाइमला धरतात याचा अंदाज असेल, अमाइडचा एन-एच आणि पिरिडीनचा नायट्रोजन धरतात आणि आर३ बाहेरच्या पाण्याकडे तोंड करून असतो असं दाखवता आलं, तर आर३ मोकळेपणाने मागा. तिथे हेक्सिल आला काय नि सायक्लोप्रोपिल आला काय, चालण्याचं कारण तुम्ही दिलेलं आहे. आर१ जर एका अरुंद खोबणीत बसत असेल आणि इथाइललाच गुण उतरत असेल, तर तिथे सी६ लिहिणं म्हणजे स्वतःच्याच तक्त्याविरुद्ध दावा लिहिणं. सगळ्या जागांना एकच यादी चिकटवायची सवय मला पहिल्यापासून आळशीपणाची वाटते.

जुनं_दप्तर

थोडं अवांतर, पण संबंध आहे. पदार्थावर पेटंट हे सगळीकडे पहिल्यापासून नव्हतंच. जर्मनीच्या १८७७ च्या कायद्यात रासायनिक पदार्थाला पेटंट नव्हतं, फक्त कृतीला; पदार्थाला मिळायला १९६८ उजाडलं. ब्रिटनने १९१९ मध्ये पदार्थावरचे दावे बंद केले, १९४९ मध्ये परत सुरू केले. आपल्याकडे १९७० च्या कायद्याच्या कलम ५ मुळे औषधं आणि रासायनिक पदार्थांना फक्त कृतीचं पेटंट मिळे, ते १ जानेवारी २००५ पासून बदललं.

कृतीच्या काळात रुंदी गेली कुठे? कृतीच्या शब्दांत. 'योग्य द्रावकात', 'आम्लारीच्या उपस्थितीत', 'वाढीव तापमानाला'. मग दुसरा येऊन नवीन मार्गाने तेच संयुग बनवायचा आणि मोकळा सुटायचा. एवढ्या मोठ्या आर-याद्यांचं वजन वाढलं ते पदार्थच दाव्यात आल्यावर.

उलटी_बाजू

मी जेनेरिकवाल्यांच्या (दुसऱ्याने शोधलेलं औषध स्वस्तात बनवणाऱ्यांच्या) बाजूचा, म्हणजे असले दावे पाडायला आधार शोधणं हे माझं रोजचं काम. गटप्रमुखांना दोन गोष्टी वाचून दाखवा.

पहिली कॅनडाची, २०१२, तेवा विरुद्ध फायझर. औषध सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा. पहिल्या दाव्यात २६० क्विंटिलियन संयुगं बसत होती, म्हणजे २६ वर एकोणीस शून्यं. पुढचे दावे एकेक पायरी अरुंद होत शेवटी दोन सुटी संयुगं येतात, सहाव्यात एक आणि सातव्यात सिल्डेनाफिल. अर्ज केला तेव्हा कंपनीला माहीत होतं की परिणाम दाखवला तो सिल्डेनाफिलने. वर्णनात मात्र 'एका विशेष पसंतीच्या संयुगाने परिणाम दिसला' एवढंच. कुठल्या, ते नाही. वाचणाऱ्याने प्रयोग करून दोघांतलं कुठलं ते शोधायचं! सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायाधीशांच्या एकमताने सांगितलं की तुम्ही सौद्यातला तुमचा वाटा दिलेला नाही. लक्षात घ्या, पेटंट एवढ्या शून्यांमुळे पडलं नाही. सांगण्यासारखं होतं ते सांगितलं नाही म्हणून पडलं.

दुसरी अमेरिकेची. आयडेनिक्स कंपनीचं पेटंट न्यूक्लिओसाइडच्या (साखरेच्या वलयाला बेस जोडलेल्या संयुगांच्या) एका वर्गाने हेपटायटिस-सी बरा करण्यावर. साखरेच्या वलयावर २-प्राइम जागी वरच्या बाजूला मिथाइल, हे ठरलेलं. बाकी जागा मोकळ्या. गिलियड कंपनीच्या सोफॉसबुविर या हेपटायटिस-सीवरच्या औषधात त्याच कार्बनवर खालच्या बाजूला फ्लुओरिन आहे. २०१६ मध्ये ज्युरीने आयडेनिक्सला अडीच अब्ज डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. २०१८ मध्ये न्यायाधीशाने पेटंटच अवैध ठरवलं आणि २०१९ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. कारण, मोकळ्या जागा भरल्या की अब्जावधी संयुगं होतात, त्यातली कुठली विषाणूवर चालतील ते शोधायला वाचणाऱ्याने बनवा-तपासा-टाका करत बसायचं, आणि नेमका तो खाली-फ्लुओरिनवाला पेटंटाच्या सगळ्या याद्यांत कुठेच नव्हता.

दुसरं_वर्ष

एक बाळबोध प्रश्न. दावा फक्त संयुगावर आहे, 'बुरशी मारणारं संयुग' असं त्यात लिहिलेलंच नाही. मग एखादं संयुग निष्क्रिय निघालं तर बिघडलं कुठे? बनवता तर येतंय ना?

कलमदान

बाळबोध अजिबात नाही, हा वाद युरोपात मोठमोठ्यांनी घातलाय. १९९५ च्या अॅग्रेव्हो निकालात (टी ९३९/९२) तणनाशक ट्रायझोल होते आणि दावा तुम्ही म्हणता तसाच, नुसत्या संयुगांवर. अपील मंडळाने मान्य केलं की बनवता येतात, म्हणजे अपुऱ्या वर्णनाची हरकत लागत नाही. मग वळण घेतलं: नुसतं नवीन संयुग बनवणं यात कल्पकता नाही, कुणीही रसायनतज्ज्ञ हवी तेवढी नवी संयुगं बनवू शकतो. कल्पकता आहे ती ती तण मारतात यात. तर मग दाव्यातली जवळपास सगळीच तण मारतात यावर विश्वास बसायला हवा. नाही बसला, तर उरलेली संयुगं म्हणजे मनाला येईल ती केलेली निवड, आणि तशा निवडीला पेटंट नाही.

म्हणजे दाव्यातून परिणामाचा शब्द काढून एका दारातून सुटलात तरी दुसऱ्या दारात अडकता. परिणाम दाव्यात लिहिला तर अपुऱ्या वर्णनाची हरकत, न लिहिला तर कल्पकतेची.

मुद्देसूद

मग एखाददुसरं निष्क्रिय संयुग सापडलं की अख्खा दावा पडतो? हे अति होतंय.

कलमदान

नाही, तुरळक अपयश खपवून घेतात. वाचणाऱ्याला ती वेगळी कशी काढायची हे कळलं पाहिजे, एवढंच. प्रयोग करावे लागले म्हणूनही दावा पडत नाही. अवाजवी प्रयोग करावे लागले तर पडतो. १९८८ च्या वॉंड्स खटल्यात अमेरिकेत यासाठी आठ निकष दिले: प्रयोग किती लागतील, वर्णनात मार्गदर्शन किती, उदाहरणं आहेत का, शोधाचं स्वरूप, आधीचं ज्ञान कुठवर, त्या क्षेत्रातल्या माणसाचं कसब, क्षेत्र किती बेभरवशाचं आणि दावा किती रुंद. रसायन आणि जीवशास्त्र बेभरवशाच्या खात्यात जातात, म्हणून आपल्याला उदाहरणं जास्त लागतात. यांत्रिकीवाले एका आकृतीवर निभावून नेतात याचा हेवा वाटतो कधीकधी.

२०२३ मध्ये अॅमजेन विरुद्ध सनोफी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच परत सांगितलं, तेही एकमताने. सव्वीस अँटीबॉडींच्या अमिनो आम्लांचा क्रम दिला होता, दावा होता तेच काम करणाऱ्या सगळ्याच अँटीबॉडींवर. जास्त मागायचं तर जास्त शिकवा. आणि तिथेही तो विजेच्या दिव्याचा निकाल आधाराला घेतलाय.

संथज्वाला

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. पण गटप्रमुखांचा खरा हेतू आता कळला. आत्ता सगळा वर्ग अडवून ठेवायचा आणि दोन-तीन वर्षांनी त्यातलं सर्वांत चांगलं संयुग सापडलं की त्यावर वेगळं पेटंट घ्यायचं. हे चालतं ना?

उलटी_बाजू

आमच्यासारख्यांची पोटं यावरच चालतात. :) नोव्हार्टिसचा २०१३ चा निकाल बघा, इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाचा. कंपनीचं म्हणणं होतं की इमॅटिनिबवरच्या आधीच्या झिमरमन पेटंटच्या आवाक्यात मेसिलेट येतं, पण त्यात ते उघड केलेलं नाही, म्हणून ते नवीन. आवाका एक, उघड केलेलं दुसरं. आणि त्याच झिमरमन पेटंटच्या जोरावर मेसिलेट विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये नोटीसही दिलेली! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं की आवाका आणि प्रकटीकरण यांत एवढी मोठी दरी पडलेला कायदा आम्हाला या देशात नको, पेटंटची व्याप्ती शोधाच्या मोलावर ठरावी, वकिलाच्या लेखणीच्या चलाखीवर नाही.

नंतर डापाग्लिफ्लोझिन, मधुमेहावरचं औषध. दिल्ली उच्च न्यायालय, २०२० आणि अपिलात २०२१. वर्गाचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सुट्या संयुगाचं २०२३ पर्यंत होतं. कंपनीने एकाच औषधासाठी दोन्ही पेटंटांचा भंग झाला म्हणून दावा लावला. न्यायालय म्हणालं, एक शोध, एक पेटंट. मनाई मिळाली नाही.

कलमदान

इथे मी उलटी_बाजू यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मोठ्या वर्गाचं सूत्र छापलं म्हणजे त्यातलं प्रत्येक संयुग उघड झालं, असं नाही. कॅनडातच क्लोपिडोग्रेल या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाच्या खटल्यात (२००८) आधीच्या वर्गात अडीच लाखांहून जास्त संयुगं होती, तरी त्यातून निवडलेल्या एकाचं पेटंट टिकलं, कारण त्याचे गुण वर्गावरून कळण्यासारखे नव्हते. निवड हाही शोध असू शकतो.

अडचण येते ती एकाच तोंडाने दोन गोष्टी बोललं की. वर्गाच्या पेटंटवर 'हे आमचंच' म्हणून खटला भरायचा आणि नव्या अर्जात 'हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं' म्हणायचं. आज जितकी मोठी यादी लिहाल तितकं उद्याच्या तुमच्याच अर्जाविरुद्ध ते आधीचं ज्ञान म्हणून उभं राहील. गटप्रमुखांना हे पटलं नाही तर कलम ३(घ) सुद्धा दाखवा: माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, आणि परिणामकारकतेत वाढ नाही, तर पेटंट नाही.

उलटी_बाजू

तत्त्वात बरोबर, पण दोन्ही बाजूंनी न बोलणारा अर्जदार मला अजून भेटायचाय.

पारा

मग थेट अरुंदच लिहून मोकळं का होऊ नये? नंतर वाढवता येईल की.

कलमदान

नाही, इथेच सगळे फसतात. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती केलेला दावा आधीच्या एखाद्या दाव्याच्या आत पूर्णपणे बसला पाहिजे. कमी करता येतं, वाढवता येत नाही. शिवाय कमी करतानाही ते अरुंद रूप मूळ वर्णनात असायला हवं. युरोपात तर आर१ च्या यादीतून एक आणि आर२ च्या यादीतून एक उचलून नवी जोडी केली, की 'ही जोडी तुम्ही कुठे सांगितली होती?' असा प्रश्न येतो. म्हणून पायऱ्या पहिल्याच दिवशी लिहायच्या. संथज्वाला, तुमच्यासाठी साधारण असं:

दावा १: आर१ हायड्रोजन, हॅलोजन, मिथाइल किंवा इथाइल, आर२ हायड्रोजन, हॅलोजन किंवा सी१–सी२ अल्कॉक्सी, आर३ हायड्रोजन, हॅलोजन, सी१–सी६ अल्किल किंवा सी१–सी४ अल्कॉक्सी, क्यू फिनाइल, ज्यावर हॅलोजन, मिथाइल किंवा ट्रायफ्लुओरोमिथाइल यांतून निवडलेले एक ते तीन गट असू शकतात.
दावा २: दावा १ प्रमाणे, आर१ क्लोरो किंवा मिथाइल.
दावा ३: दावा २ प्रमाणे, आर३ मेथॉक्सी.
दावा ४: नावानिशी संयुगं, सर्वांत चांगलं पहिलं.

आर३ मला रुंद ठेवावासा वाटतो तो तुमचं कारण टिकेल या गृहीतकावर. नाही टिकलं तर तोही आखडा. आणि सध्या तात्पुरता अर्ज करणार असाल तर पूर्ण वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. त्या काळात मधली सोपी संयुगं करत बसू नका, टोकाची करा: आर३ वर हेक्सिल, आर३ वर फांदी असलेला ब्युटिल, क्यू वर तीन गट. टोकं चाललेली दाखवली की मधल्यांवर कुणी फारसा वाद घालत नाही.

संथज्वाला

हेटेरोअराइल आणि 'खेचणारा गट' आजच काढतो. शेवटचं एक. जुन्या मसुद्यात आर१ क्लोरो, आर२-आर३ हायड्रोजन आणि क्यू प्रतिस्थापित अराइल धरला, तर बॉस्कॅलिड हे जुनं बुरशीनाशकच त्यात बसतं की! ते तर वर्षानुवर्षं बाजारात आहे. 'बॉस्कॅलिड वगळून' अशी अट घातली की झालं ना?

उलटी_बाजू

बसतंच. मी पहिल्यांदा तेच बघितलं होतं. क्यू वर क्लोरोफिनाइल लावला की झालं बॉस्कॅलिड. वर्गातलं एक जरी संयुग आधीपासून माहीत असलं तरी त्या अख्ख्या दाव्याचं नावीन्य जातं. बाकी लाखो नवे असले तरी.

कलमदान

मी वर दिलेल्या मसुद्यात क्यू वरच्या यादीत फिनाइल नाही, त्यामुळे बॉस्कॅलिड तसंही बाहेर पडतं. अट घातलीत तरी ती फक्त नावीन्य वाचवेल. बॉस्कॅलिडही बुरशीनाशक, तुमचंही बुरशीनाशक, सांगाडा तोच. त्यामुळे एक्झामिनरचा पुढचा प्रश्न कल्पकतेचा असणार. त्यासाठी बॉस्कॅलिड आणि तुमचं त्याच्या सर्वांत जवळचं संयुग एकाच बुरशीवर, एकाच मात्रेत, शेजारीशेजारी तपासून तक्ता वर्णनात घाला. जमलं तर बॉस्कॅलिडला दाद न देणाऱ्या जातीवरही. अर्ज जाण्याआधी.

संथज्वाला

बॉस्कॅलिडचा नमुना मागवतो. आकडे आले की इथे टाकता यायचे नाहीत, अर्ज होईपर्यंत तोंड बंद ठेवावं लागेल.